१२३४५६७८९८७६५४३२१ : यात हातचा कुठेच येत नाही

गोखले_रोड (नौपाडा, ठाणे)

नमस्कार मंडळी. पस्तीस वर्षं कॅशियरच्या खुर्चीत काढली, त्यामुळे लांबलचक आकडे माझ्या रोजच्या ओळखीचे. तरी गेल्या रविवारपासून एका आकड्याने पाठ धरली आहे. तो नीट समजून घ्यायचा आहे, म्हणून हा धागा.

नात आठवीत आहे. सुट्टीत तिला वर्ग पाठ करायला बसवलं होतं. ११ चा वर्ग १२१ आला तसा तिने आपणहून १११ चा केला, १२३२१. मग ११११ चा, १२३४३२१. चहाची वेळ झाली तेव्हा ती नऊ एकांपर्यंत पोचली होती:

१११११११११ × १११११११११ = १२३४५६७८९८७६५४३२१

चौकटीच्या वहीचं ते पान माझ्यासमोर आहे. नऊ ओळी, प्रत्येकीत नऊ एक, आणि प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एक घर डावीकडे. उजव्या कडेच्या उभ्या रांगेत एकच १. शेजारच्या रांगेत दोन, मग तीन. मधल्या रांगेत नऊ, आणि तिथून पुन्हा उतरत डाव्या टोकाला एक. बेरीज करायचीच नाही, नुसते एक मोजायचे. सतरा रांगा झाल्या आणि एकाही रांगेत हातचा घ्यावा लागला नाही. मी आयुष्यभर बेरजा केल्या. सतरा रांगा हातच्याशिवाय उतरतात हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

हाच आकडा फॉरवर्डमध्ये ‘चमत्कार’ म्हणून फिरत असतो. चमत्कार म्हणून सोडून द्यायची माझी इच्छा नाही. याचे अवयव कोणते? यात आणखी काय दडलंय? जाणकारांनी जरा वेळ काढून सांगावं.

---

कोपरीचे_आजोबा (ठाणे पूर्व)

आपल्या पद्धतीने स्वल्पविराम देऊन बघा: १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१. जोड्या किती देखण्या पडतात!

वाचायची तर भास्कराचार्यांच्या लीलावतीतली स्थानांची नावं घ्या. एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. एकूण अठरा. तुमची संख्या सतरा अंकी, म्हणजे सर्वांत डावीकडचा १ मध्य या स्थानावर बसतो, परार्धाच्या एक घर अलीकडे. शिखरावरचा ९ अर्बुदावर. ११५० सालच्या ग्रंथात या संख्येतल्या प्रत्येक अंकाला नाव तयार आहे.

---

मानपाडा_रोड (डोंबिवली)

काका, तुमच्या नातीने जे केलं त्याला जगभर नाव आहे, आणि ते नाव आमच्या गावाचं आहे.

गणिती द. रा. कापरेकर तुम्हाला ६१७४ या त्यांच्या स्थिरांकामुळे माहीत असतील. जन्म १७ जानेवारी १९०५, डहाणू. तेव्हा ते ठाणे जिल्ह्यातच होतं. माध्यमिक शिक्षण ठाण्यात झालं. पुढे पुण्याला फर्ग्युसन कॉलेज, तिथे असताना १९२७ मध्ये रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालं. १९३० ते १९६२ देवळालीला शाळेत शिक्षक होते. विद्यापीठाची खुर्ची नाही, पदव्युत्तर पदवी नाही, आयुष्यभर आकड्यांशीच संसार.

१, १२१, १२३२१, १२३४३२१ या मालिकेतल्या संख्यांना त्यांनी ‘अद्भुत डेम्लो संख्या’ म्हटलं. त्या वेळच्या जीआयपी रेल्वेवर मुंबईपासून तीसेक मैलांवर डेम्लो नावाचं स्टेशन होतं. तिथे त्यांना ही कल्पना सुचली, म्हणून हे नाव. ते स्टेशन म्हणजे आजचं डोंबिवली. मी रोज सकाळी त्याच फलाटावर गर्दीत उभा असतो, आणि हे कळल्यापासून त्या फलाटाबद्दल मला वेगळंच वाटायला लागलं आहे.

त्यांची डेम्लोची व्याख्या आणखी मोठी आहे. संख्येचे तीन भाग करायचे. मधल्या भागात एकच अंक, हवा तितक्या वेळा. डावा आणि उजवा भाग मिळवले की तोच अंक पुन्हापुन्हा आला पाहिजे. २५५३ घ्या: २ आणि ३ मिळून ५, मध्ये ५५. ४७७७३ घ्या: ४ आणि ३ मिळून ७. आता तुमची संख्या तोडा. डावीकडे १२३४५६७८, मध्ये ९, उजवीकडे ८७६५४३२१. करा बेरीज.

---

गोखले_रोड (नौपाडा, ठाणे)

९९९९९९९९! आठ नऊ, आणि मध्ये नववा बसलाच आहे. हातचा इथेही नाही.

कापरेकर ठाण्यात शिकले हे मला माहीत नव्हतं. याच गल्ल्यांतून शाळेत जात असतील. नातीला सांगितलं तर तिने वहीच्या पानावर वर ‘डेम्लो’ लिहून खाली दोन रेघा ओढल्या.

---

महापे_सेकंड_शिफ्ट (ऐरोली, नवी मुंबई)

सावधगिरीचा इशारा. ऑफिसात धागा वाचून मी स्प्रेडशीटमध्ये नऊ एकांचा वर्ग केला. उत्तर आलं १२३४५६७८९८७६५४३००. शेवटचे २१ गेले, शून्यं आली. आधी मला वाटलं काकांच्या नातीचंच चुकलं. चूक तिची नव्हती.

स्प्रेडशीट पंधरा अंकांपर्यंतच खरं राखतं, पुढे शून्यं भरतं. ब्राउझरमध्ये करून पाहिलं तर शेवटी ३२० आलं. तिथे कारण वेगळं आहे. नेहमीच्या द्विमान (बायनरी) फ्लोटिंग-पॉइंट साठवणीत २ चा ५३ वा घात, म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२, इथपर्यंतच सगळ्या पूर्ण संख्या नेमक्या मावतात. तुमची संख्या त्याच्या पुढे आहे. त्या पट्ट्यात फक्त सम संख्यांना जागा असते आणि ही विषम, म्हणून यंत्र तिला शेजारच्या घरात ढकलतं. पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत पूर्ण संख्या कितीही लांब चालते, तिथे उत्तर बरोबर आलं.

पन्नास रुपयांच्या चौकटीच्या वहीत जे मावलं ते माझ्या स्प्रेडशीटमध्ये मावलं नाही. ज्यांना तिथेच ठेवायचं असेल त्यांनी तो रकाना मजकूर म्हणून ठरवून मगच संख्या लिहावी.

---

वाशी_सेक्टर_सतरा (वाशी, नवी मुंबई)

कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवते. अवयव पाडू या, कॅल्क्युलेटर लागणार नाही.

नऊ एकांचे तीन-तीनचे गठ्ठे करा: १११ १११ १११. म्हणजे ही संख्या १११ × १००१००१. आता १११ = ३ × ३७, आणि १००१००१ = ३ × ३३३६६७. झालं:

१११११११११ = ३ × ३ × ३७ × ३३३६६७

वर्गात प्रत्येकाचा घात दुप्पट होतो. म्हणून आपली संख्या ३ चा चौथा घात, गुणिले ३७ चा वर्ग, गुणिले ३३३६६७ चा वर्ग. घातांत एक-एक मिळवून गुणलं की विभाजक मोजता येतात: ५ × ३ × ३ = ४५. विषम येणारच, कारण विभाजक जोडीने येतात आणि पूर्ण वर्गात वर्गमुळाची जोडी स्वतःशीच असते.

३७ × ३३३६६७ करून बघा. १२३४५६७९ येतं. एक ते नऊ ओळीने, फक्त आठ गायब.

---

रबाळे_रेषा (रबाळे, नवी मुंबई)

मॅडम, ३३३६६७ मूळ संख्या आहे हे कशावरून? ५७७ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघायचं म्हटलं तर १०६ भागाकार होतात.

---

वाशी_सेक्टर_सतरा (वाशी, नवी मुंबई)

हाच प्रश्न कुणीतरी विचारावा अशी वाट बघत होते.

समजा प या मूळ संख्येने ३३३६६७ ला भाग जातो. मग नऊ एकांनाही जातो, आणि नऊ नवांनाही, म्हणजे दहाच्या नवव्या घातातून १ वजा केल्यावर जे उरतं त्याला. दुसऱ्या शब्दांत, दहाच्या नवव्या घाताला प ने भागलं की बाकी १. आता बाकी १ आणणारा दहाचा सर्वांत लहान घात कोणता? तो ९ चा विभाजक असला पाहिजे, म्हणजे १, ३ किंवा ९. पहिला किंवा तिसरा असेल तर प ने ९९९ ला भाग जाईल, म्हणजे प एक तर ३ किंवा ३७. ३३३६६७ च्या अंकांची बेरीज २८, म्हणून ३ बाद. ३७ ने भागलं तर बाकी १, तोही बाद. उरला नववा घात. फर्माचं छोटं प्रमेय सांगतं की दहाच्या (प − १) व्या घातालाही बाकी १ येते. म्हणून प − १ ला ९ ने भाग गेलाच पाहिजे. प विषम, म्हणून १८ नेही जातो.

म्हणजे १८ च्या पटीत एक मिळवून जे येतं तेवढंच तपासायचं. १९, ७३, १०९, १२७, १६३, १८१, १९९, २७१, ३०७, ३७९, ३९७, ४३३, ४८७, ५२३, ५४१, ५७७. सोळा भागाकार! १९ ने बाकी ८, ७३ ने ५७, १०९ ने १८. मधले तू कर, रेषा. शेवटच्या ५७७ ने १६१ उरतात. एकानेही नि:शेष भाग जात नाही.

---

रबाळे_रेषा (रबाळे, नवी मुंबई)

केले. सगळ्यांना बाकी उरली. १०६ वरून १६ वर येणं मला मूळ संख्येपेक्षाही आवडलं.

---

मानपाडा_रोड (डोंबिवली)

कापरेकरांची आणखी एक जात आहे: हर्षद संख्या, हर्ष देणारी. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने ज्या संख्येला नि:शेष भाग जातो ती. १२ च्या अंकांची बेरीज ३, आणि १२ ला ३ ने भाग जातो. काका, तुमची संख्या तपासा.

---

गोखले_रोड (नौपाडा, ठाणे)

तपासली. एक ते आठची बेरीज ३६, दोन्हीकडून ७२, वर शिखरावरचे ९. एकूण ८१.

मग जुन्या सवयीने लेजरसारखी ओळ आखून ८१ ने लांब भागाकार केला. १२३ मधून ८१ गेले, ४२ उरले. पुढचा ४ खाली घेतला, ४२४, त्यात ८१ पाच वेळा, १९ उरले. असं करत शेवटी आला ८१, आणि ८१ एके ८१. खाली शून्य. भागाकार १५२४१५७८९९७१०४१. उलटा गुणून ताळा घेतला, जमला. हर्षद आहे.

आणि मॅडमच्या अवयवांकडे पाहिल्यावर कळलं की हा भागाकार म्हणजे १२३४५६७९ चा वर्ग.

पण हा योग म्हणायचा की यालाही कारण आहे?

---

वाशी_सेक्टर_सतरा (वाशी, नवी मुंबई)

कारण आहे, आणि ते तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय: हातचा नाही.

गुणाकारात हातचा आला नाही तर गुणाकाराच्या अंकांची बेरीज ही दोन्ही संख्यांच्या अंकांच्या बेरजांचा गुणाकार असते. इथे नऊ गुणिले नऊ, ८१. दुसरीकडे, नऊ एकांना ९ ने भाग जातो, म्हणून वर्गाला ८१ ने जातो. दोन्ही वाटा ८१ वरच मिळतात.

हातचा आला की काय होतं? तो दहा एकक काढून घेतो आणि पुढच्या घरात एक ठेवतो. म्हणजे प्रत्येक हातच्याला अंकांची बेरीज ९ ने घटते. दहा एकांचा वर्ग करा: १२३४५६७९००९८७६५४३२१. मधल्या रांगेत दहा एक आले, ० लिहून हातचा १. शेजारच्या रांगेत नऊ आणि एक दहा, पुन्हा हातचा. त्याच्या पुढे आठ आणि एक नऊ, थांबला. दोन हातचे. अंकांची बेरीज १०० हवी होती, १८ कमी होऊन ८२ आली. उलटसुलट वाचायची सोयही तिथेच संपली.

---

रबाळे_रेषा (रबाळे, नवी मुंबई)

कापरेकरांची स्वयंभू संख्याही तपासली. एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवली की नवी संख्या जन्मते, १५ पासून १५ + ६ = २१. जी अशी कुणापासूनच जन्मत नाही ती स्वयंभू, जसे २०.

आपली संख्या स्वयंभू नाही. जनक शोधायचा तर त्याच्या अंकांची बेरीज ९ च्या पटीत असावी लागते, म्हणून मी ९, १८, २७ असं एकेक वजा करत गेले. ८१ वजा केल्यावर १२३४५६७८९८७६५४२४० आलं. याच्या अंकांची बेरीज? ८१! पुढे १५३ पर्यंत वजा करून पाहिलं, दुसरा जनक नाही.

---

सानपाडा_पामबीच (सानपाडा, नवी मुंबई)

सगळं वाचलं, मेहनत दिसते. तरी मनातली शंका मांडतो, कुणाचा उत्साह कमी करायचा हेतू नाही. हे सारं दहा या पायावर उभं आहे. माणसाला आठ बोटं असती तर ही संख्या अशी दिसलीच नसती. अवयव खरे, विभाजक खरे, ३३३६६७ बद्दलचा युक्तिवादही खरा. पण अंकांची बेरीज, उलटसुलट वाचणं, हर्षद, स्वयंभू हे लिहिण्याच्या पद्धतीचे गुण आहेत, संख्येचे नाहीत. त्यांना गणित म्हणावं का?

---

वाशी_सेक्टर_सतरा (वाशी, नवी मुंबई)

शंका रास्त आहे, आणि हर्षद-स्वयंभूबद्दल तुमचं म्हणणं मला मान्य आहे. ते गुण पायाबरोबर बदलतात. जिन्याबद्दल, म्हणजे एकापासून चढत जाऊन पुन्हा एकापर्यंत उतरणाऱ्या अंकांबद्दल, मात्र नाही.

आठ बोटांच्या माणसाने सात एकांचा वर्ग त्याच्या पद्धतीत केला तर त्याला १२३४५६७६५४३२१ दिसेल. सोळाच्या पायावर पंधरा एकांपर्यंत जिना टिकतो. पाया बदलला की जिन्याची उंची बदलते, घडण तीच राहते. मग ती घडण कशाची आहे?

ल्यूडोच्या डब्यातले दोन फासे घ्या. दोन्ही मिळून २ किती प्रकारे पडतं? एकाच. ३ दोन प्रकारे, ४ तीन, ५ चार, ६ पाच, ७ सहा. तिथून उतरण: ८ पाच, ९ चार, १० तीन, ११ दोन, १२ एक. ओळीने लिहा: १, २, ३, ४, ५, ६, ५, ४, ३, २, १. आता सहा एकांचा वर्ग करा. १२३४५६५४३२१.

हे एकच काम आहे. गुणाकारात वरच्या ओळीतला प्रत्येक एक खालच्या प्रत्येक एकाला भेटतो, आणि दोघांच्या स्थानांची जी बेरीज येते त्या रांगेत जाऊन बसतो. फाशांतही पहिल्याची प्रत्येक बाजू दुसऱ्याच्या प्रत्येक बाजूला भेटते आणि बेरजेप्रमाणे वाटली जाते. काकांची संख्या म्हणजे एक ते नऊच्या चिठ्ठ्यांचे दोन गठ्ठे. दोन्हीतून एकेक उचलायच्या ८१ तऱ्हा, त्या बेरजेप्रमाणे सतरा घरांत वाटलेल्या. अंकांची बेरीज ८१ का, याचं हेच उत्तर. दहाचा पाया एवढंच करतो की नऊपर्यंतची मोजणी एका घरात मावू देतो.

---

सानपाडा_पामबीच (सानपाडा, नवी मुंबई)

फाशांचं पटलं. माझं वाक्य मागे घेतो. मार्टिन गार्डनर यांनी मार्च १९७५ मध्ये सायंटिफिक अमेरिकनमधल्या आपल्या सदरात कापरेकरांवर लिहिलं, तेव्हा जगाचं त्यांच्याकडे लक्ष गेलं. तोपर्यंत आपल्याकडे बऱ्याच जणांचं माझ्यासारखंच मत होतं.

---

गोखले_रोड (नौपाडा, ठाणे)

काल संध्याकाळी तलावपाळीवरून फिरून आलो आणि नातीसमोर फासे ठेवले. छत्तीस वेळा टाकले. ७ आठ वेळा आलं, २ आलंच नाही. ती हिरमुसली. मग मी चौकटीच्या वहीत नऊ बाय नऊचा चौकोन आखायला लावला, वर एक ते नऊ, डावीकडे एक ते नऊ, आत बेरजा. भरून झाल्यावर १० कुठे आहेत ते रंगवायला सांगितलं. डाव्या खालच्या कोपऱ्यापासून उजव्या वरच्या कोपऱ्यापर्यंत तिरपी पट्टी निघाली, नऊ घरांची. तिने स्वतःच वहीचं पान तिरकं धरलं आणि ओरडली, “आजोबा, हाच तो जिना!”

त्यावर तिचा प्रश्न आला की तीन फासे घेतले तर? म्हणजे वर्गाऐवजी घन. ११ चा १३३१, १११ चा १३६७६३१, दोन्ही उलटसुलट सारखे. ११११ ला अडली. चौथ्या रांगेत दहा आले, तिने ० लिहिलं आणि वर छोटासा हातचा १. त्या १ भोवती लाल पेनने गोल केला. असे चार गोल झाले. उत्तर १३७१३३०६३१.

मी मॅडमचा नियम सांगितला. हातचे नसते तर अंकांची बेरीज चारचा घन, म्हणजे ६४. चार गोल, प्रत्येकी नऊ, ३६ गेले. किती उरायला हवेत? ती २८ म्हणाली, आणि मग एकेक अंकावर बोट ठेवून मिळवत गेली. २८च आले.